प्रशिक्षण-परिणामकारकतेचे मापन, औषधनिर्मितीतील

औषधनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार, तंत्रज्ञ, विश्लेषक व पर्यवेक्षक यांना दिलेल्या प्रशिक्षणामुळे त्यांच्या प्रत्यक्ष कामात अपेक्षित बदल घडून आला किंवा नाही, आणि घडून आला असल्यास तो टिकला किंवा नाही, हे पुराव्यानिशी ठरविण्याच्या पद्धतींना प्रशिक्षण-परिणामकारकतेचे मापन असे म्हणतात. प्रशिक्षण दिल्याची नोंद आणि प्रशिक्षण परिणामकारक ठरल्याचा पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजेरीपत्रकावरील सही पहिलीची साक्ष देते. दुसरीविषयी ती काहीच सांगत नाही. व्यवहारात मात्र या दोहोंची गल्लत वारंवार होते. कारखान्यातील प्रशिक्षणाच्या जाडजूड फायली पाहून समाधान मानण्याची सवय व्यवस्थापनास जशी असते, तशी ती काही वेळा तपासणी अधिकाऱ्यांसही असते.

हे मापन औषधनिर्मितीत विशेष महत्त्वाचे ठरण्याचे कारण असे, की तयार औषधाची अखेरची तपासणी ही गुणवत्तेची पुरेशी हमी ठरू शकत नाही. शिरेवाटे द्यावयाच्या द्रावाची प्रत्येक बाटली निर्जंतुक आहे की नाही हे पाहावयाचे, तर प्रत्येक बाटली उघडावी लागेल आणि मग रुग्णास देण्यास एकही उरणार नाही. म्हणून तपासणी नमुन्यावरच करावी लागते. एखाद्या बॅचमधील शंभरांत एक बाटली दूषित असेल आणि २० बाटल्यांचा नमुना तपासला, तर दूषण उघडकीस येण्याची संभाव्यता केवळ १८ टक्के असते; म्हणजे अशा शंभर बॅचांपैकी सुमारे ८२ निर्दोष ठरून बाहेर पडतील. तपासणी जेथे एवढी दुबळी, तेथे औषधाची गुणवत्ता ही ते तयार करताना प्रत्येक पायरीवर माणसाने केलेल्या कृतीवर अवलंबून राहते. ती कृती बरोबर होईल याची तजवीज प्रशिक्षणाने करावयाची असते. ते प्रशिक्षण निष्फळ ठरल्यास त्याची किंमत कारखान्याबाहेरचा, ज्याला त्या कारखान्याचे नावही ठाऊक नसते असा रुग्ण मोजतो.

ब्रिटनमधील प्लिमथ येथील रुग्णालयाच्या डेव्हनपोर्ट विभागात मार्च १९७२ मध्ये घडलेली दुर्घटना याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शिरेवाटे दिलेल्या डेक्स्ट्रोज द्रावात सूक्ष्मजंतू आढळले आणि काही रुग्ण दगावले. संबंधित बाटल्यांचे निर्जंतुकीकरण एप्रिल १९७१ मध्ये झाले होते. ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबपात्राच्या) तळाशी हवा अडकून राहिल्यामुळे खालच्या भागातील बाटल्या आवश्यक त्या तापमानास पोहोचल्याच नव्हत्या. तापमान अपेक्षेप्रमाणे वाढत नसल्याची खूण उपकरणाच्या नोंदीत होती. पण तिचा अर्थ लावून काम थांबविण्यात आले नाही. सी. एम. क्लोथियर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९७२ मध्येच सादर केलेल्या अहवालात यंत्रातील दोषाइतकेच एका समजुतीवर बोट ठेवले : निर्जंतुकीकरण हे साध्या यंत्रसामग्रीवर, अल्प कौशल्याच्या माणसांकडून व जुजबी देखरेखीखाली उरकता येण्याजोगे काम आहे, ही ती समजूत. ऑटोक्लेव्ह चालविणाऱ्यास कळ कोणती दाबावी हे शिकविणे सोपे आहे; तापमापक विपरीत दाखवू लागल्यास तापमापक बिघडला असे न मानता काम थांबवावे, हे त्याच्या अंगी बाणले की नाही, ते तपासणे अवघड आहे. परिणामकारकतेच्या मापनाचा खरा विषय ही दुसरी गोष्ट होय.

नियमांतील तरतुदी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७८ मध्ये प्रसृत झालेल्या औषधनिर्मितीच्या नियमांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमून दिलेले काम करता येईल एवढे शिक्षण, प्रशिक्षण वा अनुभव, अथवा यांचा मिलाफ, असणे आवश्यक आहे, तसेच उत्पादनपद्धतीविषयीचे प्रशिक्षण पात्र व्यक्तींनी, सातत्याने व पुरेशा वारंवारतेने द्यावे असेही त्यांत म्हटले आहे. परिणामकारकता मोजा, असे त्यांत शब्दशः सांगितलेले नाही. काम करता येणे ही कसोटी मात्र त्यांत अनुस्यूत आहे. यूरोपीय संघाच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्तम उत्पादन पद्धतींच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा मुद्दा स्पष्टपणे येतो. प्रशिक्षण सतत चालू ठेवावे आणि त्याची व्यावहारिक परिणामकारकता वेळोवेळी आजमावावी, असे ती सांगतात. यांतील ‘व्यावहारिक’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. कारण वर्गातील उत्तरपत्रिकेने भागत नाही, असा त्याचा अर्थ होतो. वैद्यकीय साधनांविषयीच्या आयएसओ १३४८५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत, मापनाची पद्धती ही संबंधित कामातील जोखमीच्या प्रमाणात असावी, अशी टीप जोडण्यात आली आहे. ही टीप व्यवहाराच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. आवारातील वाहनतळाच्या नियमांचे प्रशिक्षण आणि निर्जंतुक भरणीचे प्रशिक्षण यांना एकाच मापाने मोजणाऱ्या कारखान्यात दोहोंचेही मापन उथळ होते.

चार पातळ्यांची कल्पना : औद्योगिक प्रशिक्षणाच्या पद्धतशीर मूल्यमापनाचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बळावला. अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी राबविलेल्या ‘उद्योगांतर्गत प्रशिक्षण’ या कार्यक्रमात सोळा लाखांहून अधिक व्यक्तींना प्रशिक्षण देण्यात आले. त्यातील कार्यशिक्षणाच्या पद्धतीत पूर्वतयारी, दिग्दर्शन, शिकणाऱ्याकडून करवून घेणे आणि पाठपुरावा अशा चार पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्याने काम करता करता त्यातील कळीचे मुद्दे स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे असत. ही साधी युक्ती आजही अनेक संगणकीय चाचण्यांपेक्षा अधिक माहिती देते.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॉनल्ड कर्कपॅट्रिक (१९२४–२०१४) यांनी १९५९-६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चार लेखांत मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले. प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, त्यांनी मिळविलेले ज्ञान वा कौशल्य, कामावरील त्यांच्या वर्तनात झालेला बदल आणि संस्थेस झालेला लाभ, असे ते टप्पे होत. हेच पुढे ‘चार पातळ्या’ म्हणून सर्वत्र रूढ झाले. या मांडणीचा गुण तिच्या सुटसुटीतपणात आहे आणि दोषही तेथेच आहे. एका पातळीवरील यश पुढच्या पातळीवरील यशाची ग्वाही देते, असे तीवरून सहज वाटते. पण संशोधनाने ते पुरेसे खरे ठरविलेले नाही. जॉर्ज ॲलिगर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रशिक्षण आवडले की नाही याचा शिकण्याशी जवळजवळ काहीच संबंध त्यांना आढळला नाही. ते आपल्या कामास उपयोगी वाटले की नाही या प्रश्नाच्या उत्तराचा थोडाफार संबंध आढळला. कार्यक्रमाच्या शेवटी भरून घेण्यात येणाऱ्या अभिप्राय-पत्रिकेत व्याख्यात्याची शैली व बैठकव्यवस्था यांविषयी विचारणा असते. तीवरून भोजनाची व्यवस्था सुधारता येईल. औषधाची गुणवत्ता सुधारली की नाही, हे तीवरून कळणार नाही.

औषध उद्योगाच्या दृष्टीने तिसरी पातळी, म्हणजे कामावरील वर्तन, सर्वांत महत्त्वाची होय. चौथ्या पातळीवरील परिणाम (परत मागविलेल्या बॅचा, ग्राहकांच्या तक्रारी, वाया गेलेला माल) अनेक कारणांनी बदलतात आणि त्यांत प्रशिक्षणाचा वाटा वेगळा काढणे क्वचितच शक्य होते. टी. टी. बॉल्डविन व जे. के. फोर्ड यांनी १९८८ मध्ये दाखविल्याप्रमाणे वर्गात शिकलेले कामावर उतरणे हे शिकणारी व्यक्ती, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या जागेचे वातावरण या तिन्हींवर अवलंबून असते. पर्यवेक्षक ‘आधी माल काढा, मग कागद पाहू’ असे म्हणत असेल, तर उत्तम प्रशिक्षणही पाळी संपण्यापूर्वी विरून जाते.

लेखी चाचणी : सर्वांत अधिक वापरले जाणारे व सर्वांत अधिक दुरुपयोग होणारे साधन म्हणजे लेखी चाचणी होय. दहा ‘बरोबर की चूक’ प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८० टक्के गुण, हा नमुना अनेक ठिकाणी दिसतो. असे दहा प्रश्न निव्वळ नाणे उडवून सोडविल्यास आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता १,०२४ मध्ये ५६, म्हणजे सुमारे ५·५ टक्के असते. तीन वेळा प्रयत्न करण्याची मुभा असल्यास ती १५ टक्क्यांच्या वर जाते. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय दिल्यास पहिल्याच प्रयत्नात केवळ तर्काने उत्तीर्ण होण्याची संभाव्यता दहा हजारांत सुमारे चार एवढी उतरते. तरीही, प्रश्न कार्यपद्धतीतील वाक्ये जशीच्या तशी उचलून केलेले असतील, तर ते वाचनाची परीक्षा घेतात, कामाची नाही. ‘तापमान किती असावे?’ या प्रश्नापेक्षा ‘तापमापक १२१° से. दाखवीत असताना नोंदयंत्राची रेषा ११४° वर थांबली आहे. तुम्ही काय कराल व कोणास कळवाल?’ हा प्रश्न कितीतरी अधिक सांगून जातो.

चाचणी केव्हा घ्यावी, यासही महत्त्व आहे. हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मृतीविषयक प्रयोगांत विस्मरण आरंभी झपाट्याने व नंतर मंद गतीने होते असे आढळले होते. व्याख्यान संपताच घेतलेली चाचणी म्हणूनच ज्ञानाचा तात्पुरता फुगवटा मोजते. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली असता मजकूर पुन्हा वाचणारा गट सरस ठरला; परंतु एका आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत, मध्यंतरी स्वतःची चाचणी देणाऱ्या गटाने त्यास मागे टाकले. काही आठवड्यांनंतर पूर्वसूचनेविना घेतलेली छोटी चाचणी ही त्यामुळे मापन आणि प्रशिक्षण अशी दोन्ही कामे करते.

कृतीद्वारे मापन : निर्जंतुक भरणीच्या विभागात व्यक्तीच्या कृतीचे मापन जितके काटेकोर होते, तितके औषध उद्योगात अन्यत्र क्वचितच होते. या विभागात प्रवेश करण्यापूर्वी कर्मचाऱ्यास वेशधारणाची चाचणी द्यावी लागते. विशेष पोशाख, मुखपट्टी, गॉगल व हातमोजे ठरलेल्या क्रमाने चढविल्यानंतर पोशाखाच्या निरनिराळ्या जागी पोषक आगर माध्यमाच्या बशा टेकवितात आणि हातमोज्यांच्या बोटांचे ठसे घेतात. बशा उबवून त्यांवर वाढलेल्या सूक्ष्मजंतूंच्या वसाहती मोजतात. यूरोपीय संघाच्या नियमांनुसार सर्वोच्च स्वच्छतेच्या ‘अ’ श्रेणीत एकही वसाहत वाढता कामा नये; ‘ब’ श्रेणीत हातमोज्यांच्या ठशासाठी ५ ही मर्यादा आहे. येथे प्रशिक्षणाची परीक्षा निरीक्षकाच्या मतावर अवलंबून नसते. बाहीचा कडा जमिनीस लागला असेल, तर बशी ते सांगते.

दुसरी चाचणी म्हणजे औषधाऐवजी पोषक माध्यम भरून केलेली संपूर्ण भरणीची तालीम होय. भरलेल्या कुप्या उबवून त्यांत वाढ होते का हे पाहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००४ च्या मार्गदर्शनानुसार भरणीच्या काळात निर्जंतुक कक्षात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक अधिकृत व्यक्तीने वर्षातून निदान एकदा अशा तालमीत भाग घ्यावयाचा असतो. यूरोपीय संघाच्या २०२२ मध्ये प्रसृत व २५ ऑगस्ट २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारित पहिल्या परिशिष्टानुसार अशा तालमीत एकाही कुपीत वाढ न होणे हे लक्ष्य असून, एक जरी कुपी दूषित आढळली तरी तिची चौकशी आवश्यक आहे. तालीम यशस्वी झाल्याने ती पद्धती आणि तो संघ यांविषयी विश्वास वाटतो. प्रत्येक व्यक्तीविषयी मात्र त्यावरून थोडेच कळते. भरणी चालू असताना कोपऱ्यात उभा राहिलेला मनुष्यही ‘उत्तीर्ण’ होतो. म्हणून प्रत्येकाने तालमीत कोणते हस्तक्षेप स्वतः केले (उदा., आडवी पडलेली कुपी चिमट्याने उचलणे, अडकलेले बूच काढणे) याची स्वतंत्र नोंद ठेवणे आवश्यक असते. ही नोंद नसलेला अहवाल प्रशिक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणावा लागेल.

दृष्टितपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे मापन निराळ्या प्रकारचे आहे. इंजेक्शनच्या कुपीतील काचेचा कण, तंतू वा तडा शोधण्यासाठी २,००० ते ३,७५० लक्स प्रकाशात कुपी पांढऱ्या व काळ्या पार्श्वभूमींवर प्रत्येकी सुमारे पाच सेकंद धरून पाहतात. दोष दिसणे ही ‘होय-नाही’ अशी गोष्ट नसून ती संभाव्यतेची बाब आहे, हे ज्युलियस नॅप व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले. एकच कुपी अनेक निरीक्षकांकडून अनेक वेळा तपासून घेतल्यास ती किती वेळा नाकारली जाते, त्यावरून त्या कुपीची नाकारसंभाव्यता ठरते. ही संभाव्यता ०·७ किंवा अधिक असलेल्या कुप्या खात्रीने दोषयुक्त मानतात आणि ०·३ व ०·७ यांच्या दरम्यानच्या कुप्या संदिग्ध क्षेत्रात मोडतात. अशा ज्ञात कुप्यांचा संच निर्दोष कुप्यांत मिसळून प्रशिक्षणार्थीस दिला असता त्याचे कौशल्य अनुभवी निरीक्षकांशी ताडून पाहता येते. येथे केवळ एकूण मतैक्याची टक्केवारी फसवी असते. शंभर कुप्यांत ९० निर्दोष असतील, तर डोळे मिटून सर्व कुप्या ‘निर्दोष’ ठरविणाऱ्याचे उत्तर ९० टक्के बरोबर येईल. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचविलेला कॅपा गुणांक योगायोगाने घडणारे मतैक्य वजा करतो. वरील डोळेमिट्या निरीक्षकाचा कॅपा शून्य येतो. चुकून नाकारलेल्या निर्दोष कुप्या आणि नजरेतून सुटलेल्या सदोष कुप्या यांची मोजणीही वेगळी ठेवावी लागते. कारण पहिल्या चुकीने कारखान्याचे नुकसान होते, तर दुसरीने रुग्णाचे. उपर्युक्त परिशिष्टात दृष्टितपासणीच्या वार्षिक चाचणीत थकवा, कुपीचा आकार व पट्ट्याची गती यांसारख्या प्रतिकूल परिस्थितींचा विचार करण्यास सांगितले आहे. सकाळी ताज्या डोळ्यांनी दिलेली चाचणी रात्रपाळीच्या सातव्या तासाविषयी काही सांगत नाही, हे त्यामागील साधे कारण होय.

प्रयोगशाळेतील विश्लेषकांसाठी, ज्याचे मूल्य त्यांस माहीत नाही असा नमुना देऊन त्यांचे निष्कर्ष अनुभवी विश्लेषकाच्या निष्कर्षांशी ताडतात. सरासरीतील फरक व निष्कर्षांचा विखुरलेपणा या दोन्हींना मर्यादा घालतात. पॅकिंग विभागात आधीच्या मालाची लेबले व खोकी पूर्णपणे हटवून यंत्र मोकळे करण्याचे काम शिकविले असता, क्रमांक घातलेली व परत मोजून घ्यावयाची काही परकी लेबले नियंत्रित रीतीने दडवून ती सापडतात का हे पाहता येते. हे उत्पादन सुरू होण्यापूर्वी व जबाबदार अधिकाऱ्याच्या समक्ष करावयाचे असते, हे सांगावयास नकोच.

बाकीच्या असंख्य कामांसाठी कृतिनिरीक्षण हाच मुख्य मार्ग उरतो. निरीक्षक अनोळखी असल्यास कामगार बावरतो आणि ओळखीचा असल्यास सवलत देतो. शिवाय कोणी पाहत आहे या जाणिवेनेच वर्तन सुधारते. शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून या घटनेस नाव पडले. त्या प्रयोगांच्या अर्थाविषयी पुढे बराच वाद झाला. तथापि कारखान्यात वावरलेल्या कोणासही मूळ निरीक्षण नवे वाटणार नाही. यासाठी माणसाऐवजी त्याच्या कामाच्या मागे उरलेल्या खुणा पाहणे अनेकदा श्रेयस्कर ठरते. वजनकाट्याच्या छापील पावतीवरील वेळ आणि बॅचच्या नोंदवहीतील वेळ जुळते का, शुद्धीकरणाची नोंद काम झाल्याबरोबर केली की पाळीच्या शेवटी एकाच शाईने व एका दमात भरली, याचा उलगडा अशा खुणांवरून होतो.

संख्याशास्त्रीय अडचणी : प्रशिक्षणापूर्वी महिन्यास चार चुका, प्रशिक्षणानंतर एक, म्हणजे प्रशिक्षण परिणामकारक, असा निष्कर्ष अहवालांत सर्रास काढला जातो. चुका यादृच्छिकपणे व सरासरी महिन्यास चार या दराने घडत असतील, तर कोणतेही प्रशिक्षण न देता एखाद्या महिन्यात एक वा शून्य चूक आढळण्याची संभाव्यता सुमारे ९ टक्के असते, आणि वर्षभरात असा निदान एक महिना येण्याची संभाव्यता सुमारे ६८ टक्के असते. त्यातच प्रशिक्षण बहुधा सर्वांत वाईट महिन्यानंतर देण्यात येते आणि सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा आपोआपच बरा असतो. यास सरासरीकडे प्रत्यागमन म्हणतात. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या नियंत्रण आलेखावर अनेक महिन्यांच्या चुका मांडून प्रशिक्षणानंतरची पातळी मर्यादेबाहेर सातत्याने खाली गेली का हे पाहणे, हा यावरील उपाय होय. शक्य असल्यास एका पाळीस आधी व दुसरीस दोन-तीन महिन्यांनी प्रशिक्षण द्यावे. पहिल्या पाळीतील सुधारणा त्या मधल्या काळात दुसरीत दिसली नाही, तर तिचे श्रेय प्रशिक्षणास देण्यास आधार मिळतो.

व्यक्तीच्या निरीक्षणातही असाच भ्रम होतो. एखाद्याने दहा वेळा काम बिनचूक केले म्हणून तो चुकणार नाही असे मानणे धाडसाचे असते. दहापैकी शून्य चुका हा निष्कर्ष, ९५ टक्के विश्वासपातळीवर, चुकीचा खरा दर २६ टक्क्यांपर्यंत असण्याशी सुसंगत आहे. हा दर ५ टक्क्यांहून कमी आहे असे त्याच पातळीवर म्हणावयास सलग ५९ बिनचूक कृती पाहाव्या लागतील. एवढी निरीक्षणे प्रत्येक कामासाठी करणे कोणत्याही कारखान्यास परवडणारे नाही. म्हणून ती जोखमीच्या कामांवर केंद्रित करावी लागतात आणि इतरत्र अल्प निरीक्षणांवरून मोठे दावे करणे टाळावे लागते.

याहून गंभीर अडचण मानवी स्वभावाची आहे. कार्यपद्धतीपासून झालेल्या विचलनांची संख्या हीच प्रशिक्षण विभागाच्या यशाची फूटपट्टी केली, की विचलने घटतात; पण ती घडावयाची थांबतात की कळवावयाची, हे आकड्यावरून कळत नाही. कोणताही सामाजिक निर्देशांक निर्णयांसाठी जितका अधिक वापरावा तितका तो विकृत होण्याचा संभव वाढतो, हे अमेरिकन सामाजिक शास्त्रज्ञ डॉनल्ड कॅम्बेल यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. नोंदीच्या प्रामाणिकपणाविषयी चांगले प्रशिक्षण दिल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत कळविलेल्या विचलनांची संख्या वाढणे हे उलट शुभचिन्ह असू शकते. म्हणून या संख्येबरोबर, ते विचलन कोणी उघडकीस आणले (काम करणाऱ्याने स्वतः की नंतर तपासणाऱ्याने) हे प्रमाणही मोजावे. स्वतःहून कळविलेल्या चुकांचे प्रमाण वाढत असल्यास संख्येच्या वाढीस घाबरण्याचे कारण नसते.

पुनर्प्रशिक्षणाचा प्रश्न : चुकीची चौकशी ‘मानवी चूक’ या शेऱ्याने संपविणे आणि ‘संबंधितास पुन्हा प्रशिक्षण दिले’ असा उपाय लिहिणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी पळवाट होय. ज्यास काम येत होतेच त्याला ते पुन्हा शिकवून काय साधते, हा प्रश्न विचारला जात नाही. रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनी १९७० मध्ये यासाठी एक मार्मिक कसोटी सुचविली : जिवावर बेतले असता त्या व्यक्तीस ते काम बरोबर करता आले असते काय? आले असते, तर उणीव ज्ञानाची नाही आणि प्रशिक्षण हा उपाय नाही. मग कारण शोधावयाचे ते अपुरा प्रकाश, सारखी दिसणारी दोन लेबले, वाचता न येणारी कार्यपद्धती, दोन माणसांचे काम एकाकडे देणे यांसारख्या गोष्टींत. यूरोपीय संघाच्या २०१३ पासून लागू असलेल्या सुधारित पहिल्या प्रकरणात तर असे बजावले आहे, की मानवी चूक हे कारण ठरविताना प्रक्रिया, कार्यपद्धती वा व्यवस्था यांतील दोष नजरेआड झालेले नाहीत याचे समर्थन द्यावे. पुनर्प्रशिक्षणानंतर तीच चूक दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडून घडली, तर ते पहिल्या निदानाच्या चुकीचेच मापन समजले पाहिजे.

प्रशिक्षणाच्या मर्यादा ओळखण्याची गरज महाराष्ट्रास अपरिचित नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी व औषध-प्रशासन यांतील गंभीर दोष उघड केले. असे दोष कोणत्याही वर्गात शिकवून दूर होणारे नव्हते.

भारत : औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या ‘एम’ अनुसूचीत उत्पादनपद्धतीविषयीच्या तरतुदी आहेत. तिची सुधारित आवृत्ती २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने जारी झाली. वार्षिक उलाढाल २५० कोटी रुपयांहून अधिक असलेल्या उत्पादकांस सहा महिन्यांची व इतरांस बारा महिन्यांची मुदत होती. लहान व मध्यम उद्योगांपैकी ज्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला त्यांना ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवून देण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्त्वांशी मिळत्याजुळत्या या आवृत्तीत सततचे प्रशिक्षण व त्याच्या व्यावहारिक परिणामकारकतेची नियतकालिक तपासणी यांचा समावेश आहे. मोठ्या निर्यातदार कारखान्यांत विदेशी तपासण्यांमुळे ही पद्धती पूर्वीच रुजली होती. खरा भार लहान कारखान्यांवर पडला आहे. तेथे गुणवत्ता विभागातील एखाद-दोन व्यक्तींसच उत्पादनाची देखरेख, कागदपत्रे व प्रशिक्षण ही सर्व कामे पाहावी लागतात.

तारापूर, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा यांसारख्या औद्योगिक वसाहतींत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो भाषेचा. कार्यपद्धती बहुधा इंग्रजीत लिहिलेली असते. ती समजावून सांगितली जाते हिंदीत वा मराठीत. चाचणी पुन्हा इंग्रजीत होते आणि काम करणारा कंत्राटी कामगार कदाचित ओडिया वा भोजपुरी बोलणारा असतो. अशा चाचणीत मिळालेले कमी गुण कामाचे अज्ञान दाखवितात की भाषेचे, हे सांगता येत नाही. जास्त गुणही अनेकदा शेजाऱ्याच्या मदतीचे असतात. यावर काही कारखान्यांनी योजलेला उपाय साधा आहे : कळीच्या पायऱ्यांची चित्रे यंत्राजवळ लावणे, कामगारास त्याच्या भाषेत त्या पायऱ्या बोलून दाखवीत प्रत्यक्ष काम करावयास सांगणे, आणि ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या विभागातील व्यक्तीने ठरीव तक्त्यावर त्याची नोंद करणे. कंत्राटी कामगार बदलला, की ही चाचणी नव्याने घ्यावी लागते. तोपर्यंत त्यास स्वतंत्रपणे काम न देता पात्र कामगाराच्या हाताखाली ठेवतात आणि बॅचच्या नोंदवहीत दोघांच्याही सह्या घेतात.